प्रवासी वस्त्रसंच

प्रवासी वस्त्रसंच म्हणजे सुटीच्या किंवा सहलीच्या काळात पुरतील आणि एकमेकांशी अदलाबदल करून घालता येतील अशा मोजक्या कपड्यांचा समूह होय. फॅशनविषयक लेखनात तो 'कॅप्सूल वॉर्डरोब' या नावाने ओळखला जातो. संचातील वरचे कोणतेही वस्त्र खालच्या कोणत्याही वस्त्रावर घालता यावे, ही या संकल्पनेची मूळ अट आहे. संचात किती कपडे असावेत हे सहलीच्या दिवसांवरून ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तो आकार मुख्यतः दोन गोष्टींनी ठरतो. धुतलेले कपडे वाळायला किती वेळ लागतो ही पहिली आणि प्रवासाच्या सर्वांत अडचणीच्या टप्प्यावर माणसाला किती ओझे स्वतः उचलता येते ही दुसरी. ठाणे जिल्ह्यातील बदलापूर गावाहून माथेरानला जाणाऱ्या प्रवाशाच्या उदाहरणावरून या दोन्ही गोष्टी स्पष्ट होतात.

संज्ञा आणि इतिहास

रंग आणि ठेवण यांत परस्परांशी जुळणाऱ्या थोड्या कपड्यांच्या गटासाठी 'कॅप्सूल वॉर्डरोब' हा शब्दप्रयोग अमेरिकी प्रकाशनांत १९४० च्या दशकापासून आढळतो. त्याला आजची लोकप्रियता मिळाली ती १९७० च्या दशकात. लंडनमधील 'वॉर्डरोब' या दुकानाच्या मालक सूझी फॉ यांनी तो पुन्हा प्रचारात आणला. दीर्घकाळ टिकतील आणि दरवर्षीच्या फॅशनबरोबर बाद होणार नाहीत असे थोडे पण चांगल्या प्रतीचे कपडे घ्यावेत आणि ऋतूनुसार त्यांत एकदोन वस्त्रांची भर घालावी, असा त्यांचा विचार होता. १९८५ मध्ये अमेरिकी वेशरचनाकार डोना कॅरन यांनी नोकरदार स्त्रियांसाठी एकमेकांशी जुळणाऱ्या सात वस्त्रांचा संग्रह सादर केला. तेव्हापासून ही कल्पना घाऊक वस्त्रव्यवसायातही रुजली. २०१० मध्ये कोर्टनी कार्व्हर यांनी सुरू केलेल्या 'प्रोजेक्ट ३३३' या उपक्रमात तीन महिने केवळ ३३ वस्तूंवर भागवायचे असते. कपडे, पादत्राणे आणि दागिने या सर्वांची गणना त्या ३३ मध्ये होते.

या तिन्ही उदाहरणांत विचार होता तो घरातील कपाटाचा. प्रवासाच्या पिशवीला हाच नियम लावला की त्याला अधिक धार येते, कारण कपाट उचलून न्यावे लागत नाही.

महाराष्ट्रातील पूर्वपरंपरा

मोजक्या कपड्यांत दीर्घ प्रवास करणे महाराष्ट्राला नवे नाही. आषाढी वारीत आळंदीहून वा देहूहून निघालेला वारकरी सुमारे तीन आठवडे चालत पंढरपूरला पोहोचतो. धोतर, सदरा वा बाराबंदी आणि टोपी किंवा फेटा असा पुरुषांचा वेश असतो. बहुतेक सर्व कपडे पांढरे असल्याने कोणता सदरा कोणत्या धोतरावर चालेल हा प्रश्न पडत नाही. पुष्कळशा स्त्रिया नऊवारी लुगडे नेसतात. ते मापाचे नसते, शिवलेले नसते, आणि वेळप्रसंगी अंथरता वा पांघरताही येते. मुक्कामाच्या ठिकाणी एक जोड धुवून वाळत घालायचा आणि दुसरा अंगावर चढवायचा, ही रीत वारीत सर्वत्र दिसते. वारी पावसाळ्याच्या तोंडाशी येत असल्याने अंगावर घ्यायला प्लास्टिकचा कागद असतो. अवजड सामान आता दिंडीच्या ट्रकमधून जाते, तरी खांद्यावरच्या पिशवीत दिवसभर लागणारे तेवढेच ठेवण्याची सवय टिकून आहे. रंगाची एकवाक्यता, न शिवलेले कापड आणि रोजची धुलाई ही आधुनिक वस्त्रसंचाची तीन सूत्रे या वेशात फॅशनचा विचार न करताच साधली आहेत.

प्रवासाच्या सामानाची जुनी नावेही बोलकी आहेत. खांद्यावरून पुढे-मागे लोंबणारी दोन तोंडांची पडशी, कापडात बांधलेले गाठोडे वा बोचके, आणि अंथरूण-पांघरूण गुंडाळून दोरीने आवळलेली वळकटी ही पायी आणि बैलगाडीच्या प्रवासाची साधने होती. रेल्वे आल्यावर पत्र्याची ट्रंक आणि जाड कापडाचा होल्डॉल यांची भर पडली. रेल्वेच्या दीर्घ प्रवासाला निघालेल्या कुटुंबाबरोबर बिछाना, जेवणाचा डबा आणि फिरकीचा तांब्या असे. एवढ्या सामानात चार कपडे अधिक झाले तरी कोणाला जाणवत नसे आणि उचलायला हमाल मिळे. चाके असलेल्या सुटकेसचे अमेरिकी पेटंट बर्नार्ड सॅडो यांना १९७२ मध्ये मिळाले. त्यानंतर वजनाचा प्रश्न सपाट जमिनीपुरता सुटला. जिन्यावर आणि मातीच्या वाटेवर तो आजही कायम आहे.

अडचणीचा टप्पा

बदलापूर गाव हे जुने गावठाण रेल्वेमार्गाच्या पश्चिमेला उल्हास नदीच्या बाजूस आहे, तर बदलापूर रेल्वे स्थानक कुळगावात आहे. या दोन वस्त्यांच्या नावानेच कुळगाव-बदलापूर नगरपरिषद ओळखली जाते. प्रवासात घोडे बदलण्याचे ठिकाण म्हणून बदलापूर, अशी या नावाची लोकप्रिय व्युत्पत्ती सांगितली जाते. आज येथील प्रवासी घोड्याऐवजी गाडी बदलतो. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या बदलापूरला थांबत नसल्याने त्या पकडण्यासाठी आधी लोकलने कल्याण, ठाणे किंवा दादर गाठावे लागते.

रेल्वेच्या नियमानुसार लांब पल्ल्याच्या गाडीत स्लीपर वर्गाच्या प्रवाशाला ४० किलो आणि द्वितीय वर्गाच्या प्रवाशाला ३५ किलो सामान विनाशुल्क नेता येते. वातानुकूलित प्रथम वर्गात ही मर्यादा ७० किलो आहे. देशांतर्गत विमानप्रवासात साध्या तिकिटावर साधारणपणे १५ किलो सामान विमानात चढवता येते आणि ७ किलो हातात बाळगता येते. कागदावरचे हे आकडे उदार वाटतात. मात्र बदलापूरच्या प्रवाशाची खरी मर्यादा तिकिटावर लिहिलेली नसते. ती सकाळच्या लोकलच्या दारात ठरते. गर्दीच्या वेळी मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत एका हाताने दांडा धरायचा असतो, त्यामुळे सामानासाठी उरतो तो एकच हात. पाठीवरची सॅक छातीशी घ्यावी लागते. डब्यातल्या रॅकवर मावेल आणि एका हाताने वर टाकता येईल एवढीच पिशवी सोयीची ठरते. पादचारी पुलाच्या पायऱ्यांवर चाकांचा उपयोग नसतो. म्हणून सहलीचा शेवट दिल्लीला असो वा केरळात, बदलापूरहून निघणाऱ्याच्या पिशवीचे माप बदलापूर-कल्याण या पहिल्या टप्प्यातच पक्के होते.

माथेरानच्या बाबतीत असा टप्पा प्रवासाच्या शेवटीही येतो. बदलापूरनंतर वांगणी आणि शेलू ही स्थानके ओलांडली की नेरळ येते. तेथून माथेरानचा घाट सुरू होतो. १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांच्यामुळे हे ठिकाण इंग्रजांना परिचित झाले. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने बांधलेली नेरळ-माथेरान ही अरुंदमापी रेल्वे १९०७ मध्ये सुरू झाली. माथेरानमध्ये खासगी मोटारींना प्रवेश नाही. गाड्या दस्तुरी येथे थांबतात आणि पुढचे सुमारे अडीच-तीन किलोमीटर अंतर पायी, घोड्यावरून किंवा अमन लॉज स्थानकातून सुटणाऱ्या छोट्या गाडीने कापावे लागते. अलीकडच्या वर्षांत ई-रिक्षांचीही सोय झाली आहे. पावसाळ्यात घाटातील रेल्वे बंद असते, परंतु अमन लॉज ते माथेरान ही फेरी चालू राहते. जड बॅग उचलायला हमाल मिळतो, त्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात. चाकांची सुटकेस लाल मातीच्या आणि दगडांच्या वाटेवर ओढण्याची खटपट करणारे पर्यटक तेथे हमखास दिसतात.

जोड्यांचे गणित

वस्त्रसंचाची उपयुक्तता साध्या गुणाकाराने समजते. तीन शर्ट आणि दोन पँट असतील आणि सर्व एकमेकांशी जुळत असतील, तर सहा वेगवेगळे पोशाख होतात. चार शर्ट आणि तीन पँट यांचे बारा होतात. त्यांत वरून घालायचे एक जाकीट आले की ते घालून आणि न घालता असे चोवीस पोशाख मिळतात, जरी पिशवीत एकूण वस्त्रे आठच असतात.

मात्र 'सर्व एकमेकांशी जुळत असतील' ही अट मोडली की गणित लगेच कोसळते. पाच कुर्ते आणि तीन सलवारी यांच्या पंधरा जोड्या होतात. त्यांतील एक कुर्ता केवळ एकाच सलवारीवर शोभत असेल तर जोड्या तेरावर येतात. दोन कुर्ते तसे असतील तर अकराच उरतात, वजन मात्र तेवढेच राहते. म्हणूनच भडक नक्षीचे किंवा एकाच पोशाखाचा भाग असलेले कपडे कितीही आवडते असले तरी संचात महाग पडतात. खालची वस्त्रे गडद आणि एकरंगी ठेवायची, नक्षी आणि रंग वरच्या वस्त्रांत आणायचे, असा संकेत यातूनच आला आहे. गळ्याभोवतीची ओढणी वा स्टोल ही सर्वांत हलकी बदलती वस्तू होय. तिच्यामुळे तोच पोशाख वेगळा दिसतो, ऊन अडते आणि देवळात डोक्यावर घेता येते.

जोड्यांची संख्या कितीही वाढली तरी ती स्वच्छ कपड्यांची संख्या नसते, याकडे या विषयावरील लोकप्रिय लेखनात बहुधा दुर्लक्ष होते. तीन शर्ट तीन दिवसांत मळतात. मग सहा पोशाखांचा हिशेब कागदावर राहतो. त्यामुळे गुणाकाराच्या जोडीला धुण्याचा हिशेब मांडणे आवश्यक ठरते.

कापड आणि वाळण्याचा वेळ

रोज रात्री एक वस्त्र धुतले आणि ते दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत वाळले, तर अंगाला लागून असणाऱ्या प्रत्येक प्रकारचे तीन नग पुरतात. एक अंगावर, एक दोरीवर आणि एक घडीत. या हिशेबात सहल पाच दिवसांची आहे की बारा दिवसांची, याने फरक पडत नाही. वाळायला दोन दिवस लागत असतील तर चौथा नग घ्यावा लागतो. संचाचा आकार वाळण्याच्या वेळेशी असा थेट बांधलेला आहे.

हवेतील बाष्प शोषून घेण्याची तंतूंची क्षमता वेगवेगळी असते. प्रमाणित परिस्थितीत सुती तंतू आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के, लोकर सुमारे १६ टक्के, तर पॉलिस्टर अवघे ०.४ टक्के बाष्प धरून ठेवतो. त्यामुळे पॉलिस्टरचा शर्ट पंख्याखाली काही तासांत वाळतो, परंतु घाम शोषत नसल्याने कोकणपट्टीच्या दमट हवेत चिकटतो आणि त्याला लवकर वास येतो. सुती कापड अंगाला सुखावह असते पण सावकाश वाळते. सुती-पॉलिस्टर मिश्र कापड किंवा पातळ विणीचे सुती कापड हा प्रवासासाठी मध्यम मार्ग मानला जातो. जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीच्या माथ्यावर धुके खोलीत शिरते, तेव्हा धुतलेले जाड कपडे दोन-दोन दिवस ओलसर राहतात. अशा वेळी धुण्यावर विसंबून केलेला संच फसतो. पावसाळी सहलीत दोन शर्ट अधिक नेणे हाच व्यवहार्य उपाय असतो.

जीन्सचा प्रश्न या भागात जिव्हाळ्याचा आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावण्यांतून उभे राहिलेले उल्हासनगर हे जीन्स शिवणाऱ्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे आणि तेथील गजानन मार्केट हा परिसरातील कापडखरेदीचा नेहमीचा पत्ता. बदलापूर-अंबरनाथकडील तरुण प्रवाशाच्या अंगावर सहसा जीन्स असतेच. ती मळकी दिसत नाही, फाटत नाही आणि कोणत्याही शर्टवर चालते. परंतु जाड डेनिमच्या एका पँटचे वजन साधारण ७०० ग्रॅम भरते आणि भिजल्यावर ती लवकर वाळत नाही. म्हणून जीन्स न्यायचीच असेल तर ती एकच, आणि ती पिशवीत न ठेवता प्रवासात अंगावर घालावी, असा नियम केला जातो. जड बूट आणि जाकीट यांनाही तोच नियम लागू पडतो.

टॉवेलच्या बाबतीत पंच्याइतका सोयीचा पर्याय क्वचितच आढळेल. टर्किश टॉवेलचे वजन सहज अर्धा किलो असते, तर सुती पंचा साधारण १५० ग्रॅमचा असतो आणि पिळून झटकला की थोड्या वेळात वाळतो. डोक्याला बांधणे, उन्हात मानेवर घेणे आणि गाडीत उशीला गुंडाळणे ही त्याची इतर कामे.

रंगाची निवड

पांढऱ्या आणि फिक्या रंगाचे कपडे छायाचित्रात उठून दिसतात. मात्र माथेरानची जांभ्याची लाल माती कापडात बसली की डाग सहजासहजी जात नाही. पँटच्या तळच्या कडा, मोजे आणि घोड्यावर बसणाऱ्याच्या पँटचा आतला भाग प्रथम लाल होतो. तेथे जाताना खालची वस्त्रे तपकिरी, गडद हिरवी वा करडी असणे हिताचे असते. समुद्रकिनाऱ्यावर याच्या उलट फिके रंग सोयीचे ठरतात, कारण कोरडी वाळू झटकली जाते आणि फिके कापड उन्हात कमी तापते. वस्त्रसंचाचे रंग कपाटातल्या आवडीइतकेच जिथे जायचे त्या मातीवर अवलंबून असतात.

माथेरानसाठी नमुना संच

हिवाळ्यातील तीन रात्रींच्या मुक्कामाचा पुढील संच उदाहरणादाखल आहे. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर असल्याने तेथील हवा पायथ्यापेक्षा साधारण पाच अंशांनी थंड असते. एक शर्ट, एक पँट आणि चालण्याचे बूट अंगावर जातात. पिशवीत तीन शर्ट वा कुर्ते सुमारे ६०० ग्रॅम, एक पातळ पँट वा सलवार ३५० ग्रॅम, एक स्वेटर ४०० ग्रॅम, रात्रीचे कपडे ३५० ग्रॅम, अंतर्वस्त्रे व मोजे यांचे चार जोड ४०० ग्रॅम, पंचा १५० ग्रॅम आणि साध्या चपला ५०० ग्रॅम, असे एकूण पावणेतीन किलो भरतात. अंगावरचे धरून चार शर्ट आणि दोन पँट यांच्या आठ जोड्या होतात, स्वेटरसह सोळा. चार दिवसांना त्या पुरून उरतात. तीन जास्तीच्या जीन्स घेतल्या तर केवळ त्यांचेच वजन दोन किलोंच्या पुढे जाते.

लहान मुलांना हा हिशेब लागू होत नाही. त्यांचे कपडे मळण्याचा वेग दिवसाला एक जोड असा नसतो आणि ते हलकेही असतात, त्यामुळे त्यांच्याबाबत हात आखडता घेण्यात अर्थ नाही.

साडी, सोवळे आणि सणाची वस्त्रे

पाश्चात्त्य मार्गदर्शनात साडीचा विचार नसतो, तरी साडी ही मुळात मापमुक्त आणि घडीला सोपी असल्याने प्रवासाला योग्य आहे. तिथे अडचण ब्लाऊजची असते. प्रत्येक साडीचा ब्लाऊज वेगळा नेण्याऐवजी काळा किंवा सोनेरी एकच ब्लाऊज आणि एकच गडद परकर यांवर तीन साड्या नेसण्याची युक्ती अनेक स्त्रिया पूर्वापार वापरतात. जुळण्याचे तत्त्व येथे ब्लाऊजमध्ये साठवलेले असते. कृत्रिम धाग्याची साडी चुरगळत नाही आणि लवकर वाळते, सुती साडीला मात्र इस्त्री लागते.

गणेशोत्सवात कोकणात गावी जाणाऱ्यांचा संच वेगळ्या कारणाने वाढतो. पूजेसाठी सोवळे, आरतीसाठी ठेवणीतली साडी वा कुर्ता, शिवाय नातेवाइकांना देण्याचे कापड. ही वस्त्रे कशाशीही जुळत नाहीत आणि एकदाच अंगावर चढतात. त्यांना संचाच्या नियमात बसवण्याचा आग्रह निरर्थक आहे. ती वेगळी मोजावीत आणि उरलेल्या रोजच्या कपड्यांत काटकसर करावी, एवढेच शक्य असते.

भरण्याची रीत

पातळ कपडे गुंडाळून ठेवले तर सुरकुत्या कमी पडतात आणि जागा वाचते. जाड कपडे घडी घालूनच ठेवावेत. जड वस्तू पाठीच्या जवळ आणि मध्यभागी ठेवल्यास सॅक मागे ओढत नाही. अंतर्वस्त्रे आणि एक पूर्ण जोड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून सर्वांत वर ठेवला जातो.

ही शेवटची सूचना क्षुल्लक वाटली तरी बदलापूर परिसरात तिचे महत्त्व सर्वांनी पाहिले आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीला आलेल्या पुरात मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पाण्याने वेढली गेली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि स्थानिक यंत्रणांनी सुमारे १,०५० प्रवाशांची सुटका केली. बोटीत चढताना चाकांच्या सुटकेसचा उपयोग नसतो. पाठीवर बसणारी, दोन्ही हात मोकळे ठेवणारी आणि कोरडा जोड वरच असलेली पिशवीच अशा वेळी बरोबर राहू शकते.

टीका आणि मर्यादा

या संकल्पनेवरील सर्वांत वारंवार घेतला जाणारा आक्षेप असा की, कमी कपड्यांत भागवण्याच्या नावाखाली नवे 'जुळणारे' कपडे विकले जातात. घरातील कपड्यांतून संच न निवडता सहलीसाठी वेगळी खरेदी केली तर मूळ हेतू हरवतो. दुसरा आक्षेप सामाजिक आहे. ज्या घरांत वर्षभर तीन-चार जोडांवरच भागवले जाते, तेथे मोजके कपडे ही निवड नसून परिस्थिती असते. तिला जीवनशैलीचे नाव देणे अनेकांना खटकते. तेच कपडे पुन्हा घातल्याबद्दल स्त्रियांना पुरुषांपेक्षा अधिक ऐकून घ्यावे लागते, विशेषतः समाजमाध्यमांवर सहलीची छायाचित्रे टाकण्याची रीत पडल्यापासून. पुरुषाचा एकच शर्ट तीन छायाचित्रांत दिसला तर कोणी मोजत नाही.

व्यवहारातही काही सहली या पद्धतीबाहेर राहतात. एकाच प्रवासात हिमालयातील थंडी आणि मैदानातील उन्हाळा दोन्ही असतील, लग्नसमारंभ असेल, किंवा प्रवाशाला आजारामुळे वरचेवर कपडे बदलावे लागत असतील, तर जोड्यांचे गणित बाजूला ठेवून गरजेप्रमाणेच सामान घ्यावे लागते.